फोटोग्राफरचा संग्रह ग्रंथालयात आल्यावर: प्रिंट आणि पत्रं लावायची कशी, टिकवायची कशी

पेठेतला वाडा पुनर्विकासाला जातो, स्टुडिओचं शटर कायमचं खाली येतं, आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंका ग्रंथालयाच्या दारात येतात. ट्रंकेत फोटो-पेपरचे जुने डबे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह, सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे आणि एखादी फाटकी ऑर्डर-वही. हे सगळं बघून उत्साही कार्यकर्त्यांचा पहिला बेत ठरलेला असतो: फोटो एकीकडे, पत्रं दुसरीकडे, लग्नाचे फोटो वेगळे, पुढाऱ्यांचे वेगळे. तो बेत तिथेच थांबवा. कोणत्या पत्रासोबत कोणता प्रिंट होता आणि कोणत्या डब्यात कोणत्या वर्षाचं काम होतं, ही माहिती फक्त त्या रचनेत असते. एका दुपारच्या वर्गवारीत ती जाते आणि नंतर कुणालाही परत आणता येत नाही.

घरून उचलण्याआधी

कपाट, माळा, ट्रंक जशी आहे तशी मोबाईलवर टिपून घ्या: आधी लांबून, मग प्रत्येक कप्पा, मग प्रत्येक डब्याचं झाकण उघडून. प्रत्येक डब्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधा (चिकटपट्टी नको) आणि पेन्सिलीने क्रमांक घाला. वहीत तो क्रमांक आणि 'माळ्यावर डावीकडे, खालून दुसरी ट्रंक' अशी जागा लिहा. रिकामी पाकिटं, फाटके डबे, झाकणांवरची अक्षरं यातलं काहीही घरी टाकून येऊ नका. फोटो-पेपरच्या डब्यावर छापलेल्या कागदाच्या प्रकारावरूनही पुढे काळ लावता येतो.

घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्याच दिवशी रेकॉर्डर सुरू करा. 'हे कोण?' असं मोघम विचारू नका. डब्याचा क्रमांक बोला, प्रिंट कितवा ते बोला, 'डावीकडून तिसरे कोण' असं विचारा. नाही तर महिन्याभराने रेकॉर्डिंगमध्ये फक्त 'हे आमचे अण्णा, आणि हे त्यांचे साडू' एवढंच ऐकू येतं आणि फोटो कोणता ते कळत नाही.

दानपत्र: वस्तू वेगळी, हक्क वेगळा

प्रिंट ग्रंथालयाच्या ताब्यात आला म्हणून तो छापण्याचा हक्क आला, असं होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. 'सर्व हक्क ग्रंथालयास दिले' एवढ्या एका वाक्यावर खूश होणाऱ्या संस्थांचा हक्क सहाव्या वर्षी वादात येतो. म्हणून कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी (जगभर, इंटरनेटसह) हे तिन्ही स्पष्ट लिहा. सर्व वारसांच्या सह्या घ्या. एकट्या थोरल्या मुलाची सही पुरत नाही.

यात दोन खाचा आहेत. पहिली अशी की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार गिऱ्हाईक असतो. म्हणजे स्टुडिओतल्या लग्नाच्या आणि पोर्ट्रेटच्या फोटोंचा हक्क फोटोग्राफरच्या घरच्यांकडे नसूही शकतो. दुसरी पत्रांची: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. फोटोग्राफरला आलेली पत्रं ग्रंथालयाला मिळाली तरी ती छापायला लिहिणाऱ्याच्या वारसांची परवानगी लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांची मुदतही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं अशी मोजतात. जुन्या छायाचित्रांची मोजणी गुंतागुंतीची आहे, ती वकिलाकडून करून घ्या.

आधी आठवडाभर वेगळी खोली

आलेला माल थेट संग्रहाच्या खोलीत नेऊ नका. वेगळ्या कोरड्या खोलीत, पांढऱ्या कागदावर डबे मांडा. आठवड्याने कागद बघा. बारीक भुकटी, पंख किंवा मिऱ्यासारखी विष्ठा पडलेली दिसली तर किडा जिवंत आहे. कसरीला फोटो फार आवडतात, कारण प्रिंटवरचा थर जिलेटिनचा असतो आणि अल्बमची खळ स्टार्चची. किडलेले पत्रांचे गठ्ठे पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाही तर गार कागदावर दव धरतं. प्रिंट आणि काचेच्या निगेटिव्ह या उपायात घालू नका. त्यांचे किडे ब्रशने काढा, डबे बदला.

डांबराच्या गोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा पाला हे आपल्याकडचं नेहमीचं त्रिकूट. पोथ्यांच्या कपाटात त्याचं काय व्हायचं ते होवो, फोटोंजवळ यातलं काहीही नको. पाला दमट असतो, त्याचे डाग उतरतात. गोळ्यांची वाफ बंद डब्यात पुन्हा खड्यांच्या रूपाने वस्तूंवर बसते.

निगेटिव्हचे डबे उघडताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. ती फिल्म आक्रसते, थर सुरकुततो आणि तिच्या वाफेने शेजारचीही बिघडते. अशी फिल्म त्याच दिवशी वेगळी करा. किती बिघडली हे ए-डी पट्ट्यांवर (आम्लाच्या वाफेने रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांवर) कळतं: निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर घाई करा, पिवळी म्हणजे ताबडतोब स्कॅन. १९५० च्या आधीची फिल्म असेल तर ती नायट्रेट असण्याची शक्यता धरा. कडेवर 'सेफ्टी' असं छापलेलं असलं तर बहुधा नाही. पिवळी-तपकिरी, चिकट, तिखट वासाची फिल्म दिसली तर हात थांबवा. नायट्रेट भयंकर वेगाने पेटतं आणि पेटलं की पाण्याखालीही जळतं. तुकडा जाळून बघायची 'चाचणी' कुणी सुचवली तर त्याला खोलीबाहेर काढा. पुण्यात २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा गेला. नायट्रेट सापडलं तर सल्ल्यासाठी आधी याच संग्रहालयाशी बोला. तोवर ती फिल्म वेगळ्या, गार, हवेशीर जागी ठेवा आणि डब्याचं झाकण हवाबंद करू नका.

खोली: पुण्याच्या हवेचं काय करायचं

पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता तिशीच्याही खाली जाते आणि जुलैत ऐंशीच्या वर. फोटो या चढउतारानेच मरतो. जिलेटिन ओलावा पिऊन फुगतं, सुकलं की आक्रसतं, कागद मात्र वेगळ्या प्रमाणात हलतो. म्हणून प्रिंट वळतात, थराला भेगा पडतात. पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की बुरशी धरते.

लक्ष्य असं ठेवा: आर्द्रता ३५ ते ५० टक्के, तापमान शक्य तितकं कमी आणि स्थिर, २० ते २२ अंश मिळाले तरी पुष्कळ. रंगीत प्रिंटना याहून गार हवं.

सगळ्यात मोठा घोटाळा एसीने होतो. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. रात्री भिंती तापलेल्या, दमट हवा आत, आणि गार पडलेल्या डब्यांवर ओल. रोज असा एक फेरा होण्यापेक्षा एसी नसलेली, उत्तरेकडची, पहिल्या मजल्यावरची जाड भिंतींची खोली बरी. त्यातही नुसता एसी हवा गार करतो पण सापेक्ष आर्द्रता पुरेशी उतरवतोच असं नाही. पावसाळ्यात पैसे एकाच यंत्रावर घालता येणार असतील तर डीह्युमिडिफायर घ्या आणि त्याची पाण्याची नळी थेट मोरीत सोडा. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, आणि ते हमखास जोडून आलेल्या सुट्टीतच भरतं.

आर्द्रतामापक स्वस्तातला चालेल, पण तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाण्याने ते ओलसर करा, विरघळू देऊ नका. बूच आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ८० दिसले तर तो मापक पाचने जास्त दाखवतो. तसं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

तळघर नको, नदीकाठच्या इमारतीचा तळमजलाही नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मुठेचं पाणी पेठांमध्ये कुठवर चढलं होतं, त्या खुणा अजून काही भिंतींवर आहेत. पत्र्याचं कपाट भट्टीत रंग पक्का केलेलं घ्या, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, खालचा कप्पा जमिनीपासून पंधरा सेंटीमीटर वर. ताज्या ऑइलपेंटच्या वाफांनी चांदीची प्रतिमा पिवळी पडते, म्हणून खोली रंगवली असेल तर महिना-दीड महिना माल आत नेऊ नका. झेरॉक्स मशीनही त्या खोलीत नको. त्यातून निघणारा ओझोन तेच काम करतो.

क्रम आणि क्रमांक

आता मोजदाद. दाखल-नोंदवहीत एक ओळ संपूर्ण संग्रहाची: कुणाकडून, कधी, किती डबे, अंदाजे किती नग, दानपत्राचा क्रमांक. मग संग्रहाच्या मालिका ठरवा. फोटोग्राफरने स्वतः काही पद्धत ठेवली असेल तर तीच घ्या, तुमची लादू नका. बहुतेक स्टुडिओंत निगेटिव्ह ऑर्डर-क्रमांकाने लावलेल्या असतात आणि तोच क्रमांक निगेटिव्हच्या कडेवर, पाकिटावर, वहीत आणि कधी प्रिंटच्या पाठीवर असतो. म्हणून संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू बहुधा एखादा गाजलेला फोटो नसतो, ऑर्डर-वही असते. ती सर्वांत आधी स्कॅन करा.

क्रमांक चार पायऱ्यांचा पुरतो: संग्रह, मालिका, पाकीट, नग. उदाहरणार्थ 'छा१-प्रिं-०१४-०३' म्हणजे पहिला छायाचित्र-संग्रह, प्रिंट-मालिका, चौदावं पाकीट, तिसरा नग. विषय, वर्ष, व्यक्तीचं नाव यातलं काहीही क्रमांकात घालू नका. ओळख चुकली असं पुढे कळलं की क्रमांक बदलावा लागतो आणि जुन्या लेखातले सगळे संदर्भ तुटतात.

नोंदीच्या तक्त्यात 'संबंधित' नावाचा एक रकाना असलाच पाहिजे. त्याचा उपयोग असा. एका प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलंय: '४ प्रती, कॅबिनेट, मॅट, शुक्रवारी' (कॅबिनेट हे प्रिंटचं माप, मॅट म्हणजे चमक नसलेला कागद). दुसऱ्या गठ्ठ्यातल्या पोस्टकार्डावर गिऱ्हाईक लिहितो की चारपैकी दोन प्रती धुरकट आल्या, बदलून मिळाव्यात. वहीत त्याच ऑर्डरपुढे 'पुन्हा २' अशी नोंद. तिन्ही एकमेकांच्या 'संबंधित' रकान्यात आले, तर वाचकाला त्या स्टुडिओचा दर, कागद, डार्करूममधली चूक आणि गिऱ्हाइकाशी वागणूक एका जागी मिळते. वेगळे पडले, तर एक अनोळखी माणसाचा फोटो उरतो.

पत्रासोबत पाकिटात प्रिंट सापडला तर दोन्ही वेगळ्या आवरणांत ठेवा, कारण पत्राच्या कागदातलं आम्ल प्रिंटला लागतं. पण ती दोन आवरणं एकाच फोल्डरमध्ये, शेजारी. प्रिंट मोठा असल्याने दुसऱ्या डब्यात ठेवावाच लागला तर त्याच्या जागी त्याच्या क्रमांकाची आणि नव्या जागेची चिठ्ठी ठेवा.

प्रिंट हाताळणं आणि गुंडाळणं

प्रिंट नायट्राइल हातमोजे घालून, दोन्ही हातांनी कडेला धरून उचला. सुती मोजे बोटांना पकड देत नाहीत, आणि काचेच्या निगेटिव्ह त्यातून निसटतात. धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने किंवा मऊ केसांच्या रुंद ब्रशने, मधून कडेकडे. ओलं फडकं, खोडरबर, थुंकी, स्पिरिट, काही नाही. कडेला निळसर आरशासारखी चमक आलेली दिसेल. ती चांदी वर आल्याची खूण आहे, मळ नव्हे, पुसायला जाऊ नका.

क्रमांक प्रिंटच्या पाठीवर, कोपऱ्यात, २बी पेन्सिलीने, प्रिंट काचेसारख्या कडक सपाट जागेवर पालथा ठेवून, अलगद. साधारण १९७० नंतरच्या प्लास्टिकचा थर असलेल्या प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही. तिथे जोर लावू नका, आवरणावरच लिहा, आणि लिहायचं ते प्रिंट आत घालण्याआधी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई खालच्या प्रिंटवर उतरते.

आवरणासाठी कागद की प्लास्टिक? दमट गावांत आमचं मत कागदाच्या बाजूने आहे. प्लास्टिक आतला ओलावा अडकवतं आणि चकचकीत प्रिंट त्याला चिकटतात. वाचक वारंवार मागतील त्या प्रिंटना मात्र पारदर्शक पॉलिएस्टर ठीक, म्हणजे बाहेर न काढता बघता येतं. पीव्हीसीची पाकिटं, शाळेच्या फाइलीत असतात ती, पूर्ण वर्ज्य: त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. स्टुडिओवाल्यांचा लाडका बटर पेपरही काढून टाका. तो आम्लयुक्त असतो आणि पावसाळ्यात सुरकुतून प्रिंटवर ठसे उठवतो. खाकी पाकिटांचंही तेच. टाकण्याआधी त्यावरचं लिखाण स्कॅन करा, महत्त्वाचं पाकीट पत्रांच्या मालिकेत ठेवा.

कागद घेताना विक्रेत्याला 'ॲसिड-फ्री' एवढंच विचारू नका. फोटोंसाठी आयएसओ १८९१६ ही चाचणी उत्तीर्ण झालेला कागद लागतो, कारण आम्ल नसलेल्या कागदातही चांदीला काळं करणारी गंधकाची संयुगं असू शकतात. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांचा कागद पत्रांच्या फोल्डरसाठी विचारात घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक लॉट पीएच-पेनने (कागदातलं आम्ल दाखवणाऱ्या पेनने) तपासा: रेघ जांभळी झाली तर चालेल, पिवळी राहिली तर नाही. रंगीत कागद घेऊच नका. आणखी एक बारकावा: चुना मिसळलेला, म्हणजे आम्ल शोषणारा कागद पत्रांना आणि साध्या कृष्णधवल प्रिंटना चांगला, पण रंगीत प्रिंट, निळे सायनोटाइप आणि एकोणिसाव्या शतकातले अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेले) प्रिंट यांना तो नको. सायनोटाइप अल्कलीने चक्क फिका पडतो.

प्रिंट आडवे, एका मापाचे एका डब्यात, ढीग चार बोटांहून उंच नको. काचेच्या निगेटिव्ह याच्या उलट: चार पाकळ्यांच्या कागदी आवरणात, लांब कडेवर उभ्या, मध्ये पुठ्ठ्याचे आधार. एक फुल प्लेट (साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच) सुमारे सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरते. पंचवीस काचांचा डबा साडेतीन किलोंच्या घरात जातो, त्याहून जास्त भरू नका आणि बाहेर ठळक 'काच' लिहा. तडा गेलेली किंवा थर सुटलेली काच मात्र आडवी, एकटी.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट स्कॅन करा आणि तसाच ठेवा. १९८०-९० च्या दशकांतल्या चिकट पानांच्या अल्बममधले प्रिंट सोडवायला दात साफ करायचा मेण नसलेला फ्लॉस कोपऱ्यातून आत सरकवून करवतीसारखा हळू चालवा. अडलं की थांबा. अल्बम सोडवण्याआधी प्रत्येक पान अख्खं स्कॅन झालेलं असलं पाहिजे.

पत्रं

पत्रांना मोजे नकोत. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून. मोज्यांनी पातळ कागदाच्या कडा फाटतात. गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. टाचणीच्या खाली आणि वर पॉलिएस्टरची बारीक पट्टी सरकवा, कागद दाबून धरा, आणि टाचणी पट्टीवरून सरकू द्या. स्टेपल असेल तर मागचे पाय आधी पातळ पात्याने सरळ करा. पानं पुन्हा एकत्र ठेवायला दुमडलेला कागदी फोल्डर पुरतो, नवी क्लिप नको. घड्या उघडून पत्र सपाट ठेवा, पण कडक झालेली घडी उलटी मोडू नका. पावसाळ्यात कागद मऊ असतो, हे काम जुलै-ऑगस्टवर ढकलायला हरकत नाही.

जांभळी शाई आणि कॉपिंग पेन्सिल (ओली झाली की शाईसारखी उमटणारी) पाण्याच्या एका थेंबाने पसरते. काळपट-तपकिरी शाईच्या अक्षरांभोवती कागद करपल्यासारखा दिसत असेल तर ती लोहयुक्त शाई आहे. ते पान वाकवू नका, अक्षराच्या रेषेवरच तुटतं. सेलोटेप आहे तिथे राहू द्या, ती काढणं संवर्धकाचं काम. लॅमिनेशन कुणी फुकट करून देत असेल तरी नको, कारण ते परत काढता येत नाही.

पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात, म्हणून पत्रांचे गठ्ठेही धुतलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडात बांधायला काही अडचण नाही. प्रिंट मात्र कापडात बांधू नका, गाठीचा दाब उठतो.

तारीख लावणं

घरगुती पत्रांवर शक आणि तिथी असते. शकात ७८ मिळवा, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. 'चैत्र शुद्ध ५, शके १८६५' म्हणजे १९४३ चा वसंत. 'माघ, शके १८६५' ची पत्रं मात्र १९४४ मध्ये येतात. मोडीतलं लिखाण असेल तर नोंदीत 'मोडी, वाचायचे आहे' एवढं लिहून पुढे सरका. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गांतून मोडी शिकलेली माणसं पुण्यात मिळतात, त्यांच्याकडून एकगठ्ठा वाचून घेता येतं. अर्धवट अंदाजाने नाव लावून ठेवलं तर पुढचे सगळे तेच उचलतात.

तारीख नसेल तर पोस्ट मदत करतं. तिकिटावर 'नये पैसे' असेल तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात ४११ ने सुरू होणारा सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. त्याआधी नुसतं 'पुणे २' किंवा 'पुणे ४'.

प्रिंटचा कागद कितपत जुना ते बघायला नोटा तपासायची जांभळी टॉर्च आणा आणि अंधारात पाठीवर मारा. कागद निळा-पांढरा चकाकला तर तो १९५० च्या सुमाराच्या आधीचा नव्हे. चकाकला नाही म्हणून जुनाच, असं मात्र म्हणता येत नाही. १९३० चा म्हणून मिरवणारा फोटो असा पकडला जातो: प्रसंग १९३० चा, प्रिंट नंतर काढलेला. दोन्ही तारखा नोंदीत वेगळ्या लिहा. चित्रात दिसणारं पुणंही बघा. बालगंधर्व रंगमंदिर दिसत असेल तर १९६८ च्या आधीचं नाही. गाडीवर एमएच १२ असेल तर १९८९ च्या आधीचं नाही.

स्कॅनिंग

सगळं स्कॅन करायचा संकल्प सोडून आधी तीन गोष्टी उरका: ऑर्डर-वही, बिघडत चाललेली फिल्म, आणि अल्बमची अख्खी पानं. प्रिंट ६०० डीपीआय, पत्रं ४०० डीपीआय रंगीत, ३५ मिलिमीटर निगेटिव्ह निदान ३६०० डीपीआय. कृष्णधवल प्रिंटही रंगीतच स्कॅन करा, पिवळेपणा आणि डाग हीसुद्धा माहिती आहे. पाठ कोरी दिसली तरी स्कॅन करा. पत्रं आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये कधीही घालू नका.

मूळ फाइल टिफ, न सुधारलेली. ८ × १० इंची प्रिंट ६०० डीपीआयला २४ बिटमध्ये सुमारे ८६ एमबी होतो. दोन हजार प्रिंट म्हणजे सुमारे १७३ जीबी, तेही फक्त पुढच्या बाजू. त्या हिशेबाने डिस्क घ्या: दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा, नाही तर बिघडलेली फाइल तिन्ही प्रतींत इमानेइतबारे कॉपी होत राहते. फाइलचं नाव म्हणजे नगाचा क्रमांक, पाठीसाठी शेवटी 'ब'.

वाचकांना देताना

एका वेळी एक डबा, डब्यातून एक पाकीट, आणि देताना-घेताना नग मोजून. प्रदर्शनात मूळ प्रिंट लावायचाच असेल तर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत, तीन महिन्यांहून कमी. खरं तर चांगली प्रत लावा.

स्टुडिओच्या संग्रहात एक गठ्ठा हमखास असतो: स्थळासाठी काढलेले मुलींचे फोटो, सोबत पत्रिका आणि नकाराची पत्रं. त्यातल्या बायका आज सत्तरीत असतील आणि याच शहरात राहत असतील. असे गठ्ठे, आजारपणाची, उसनवारीची आणि कोर्टकज्ज्याची पत्रं नोंदवा, पण बंद ठेवा. कोणत्या वर्षी उघडायचं ते डब्यावर आणि नोंदीत लिहा. इंटरनेटवर टाकताना हाच गठ्ठा सगळ्यांत आधी नजरेतून सुटतो, कारण फोटो सुंदर असतात.

भिजलं तर

छत गळणं, वरच्या मजल्यावरचा नळ चालू राहणं, काहीही होऊ शकतं. मुदत ४८ तासांची, त्यानंतर बुरशी. मे संपायच्या आत एका बादलीत हे भरून ठेवा: पॉलिथिनची मोठी चादर, टीपकागद, नायट्राइल मोजे, एन-९५ मास्क, नायलॉनची जाळी, दोरी, पेन्सिल आणि टॉर्च.

एकमेकांना चिकटलेले ओले प्रिंट सुकू देऊ नका, सुकले की वीट होते. स्वच्छ गार पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, आपोआप सुटतील तेवढे सोडवा, आणि चित्राची बाजू वर करून जाळीवर पसरा. पंखा छताकडे तोंड करून, प्रिंटवर नाही. ऊन नको, हेअर ड्रायर नको. दोन दिवसांत उरकणार नसेल तर उरलेले प्रिंट पाच-दहाच्या गठ्ठ्यांनी, मध्ये पॉलिथिन घालून, पिशवीत डीप फ्रीझरला टाका. काचेच्या निगेटिव्ह फ्रीझरमध्ये नाहीत, त्या आधी सुकवायच्या. पत्रं गठ्ठ्यानेच उचला, ओला कागद सुटा करायला गेलं की फाटतो. जांभळ्या शाईची पत्रं पाण्यात बुडवायची नाहीत, थेट फ्रीझर. आणि प्रत्येक पिशवीत, पेन्सिलीने लिहिलेली डब्याच्या क्रमांकाची चिठ्ठी.